मागच्या सीटच्या फटीत

बड्या माणसांना ओळखायचं तर त्यांच्या पंगतीला बसावं लागतं, असं म्हणतात. इनॉक टिडमार्शला तसं आमंत्रण कधी आलं नाही. पण ते जिच्यावर बसतात ती गादी तो पंचवीसेक वर्षं उसवत आणि शिवत आला होता, आणि त्याच्या मते तेवढ्यावर माणूस पुरेसा कळत होता. किंबहुना जरा जास्तच.

फुलमच्या गॅस कारखान्यामागे 'ड्रूइट अँड हॅलम' हा मोटारींच्या बॉड्या बांधणारा कारखाना होता. इंजिन आणि चासी, म्हणजे चाकांसकट खालचा लोखंडी साठा, दुसऱ्या कंपनीची. वरचा सगळा डामडौल इथला. सुतार ॲश लाकडाचा सांगाडा उभा करत, पत्रेवाले त्यावर ॲल्युमिनियम ठोकून चढवत, रंगारी थरावर थर देत, आणि सगळ्यात शेवटी गाडी माडीवर गादीखात्यात येई. पुढे ड्रायव्हरला चामडं, मागे मालकाला मऊ लोकरी कापड, असा दंडक होता. बाकी गिऱ्हाईक सांगेल ते. कुणाला डोक्यावरची उंच टोपी न काढता बसता यावं म्हणून छत वर उचलून हवं असे, तर एका बिशपना सीटखाली व्हिस्कीचं कपाट हवं होतं, पण बाहेरून ते प्रार्थनेच्या पुस्तकांचं वाटायला हवं होतं. एका बाईंना सीटचा रंग त्यांच्या दिवंगत पोपटाच्या पोटासारखा पाहिजे होता. त्यांनी पेंढा भरलेला पोपटच नमुन्यादाखल पाठवला. इनॉकने रंग हुबेहूब जुळवला. पोपटाला वास येत होता.

पण नव्या गाडीत निदान घाण नसते. किळस यायची ती जुन्या गाड्यांची. चार-पाच वर्षं वापरून झाली की गाडी नव्या गादीसाठी परत येई, आणि इनॉक सीट आणि पाठ यांच्या मधल्या फटीत हात घाली. तिथे इंग्लंडची सगळी सरदारघराणी भेटायची. ऑयस्टरचे शिंपले. अर्धी चावलेली बिस्किटं. न्यायमूर्तींच्या गाडीत खालच्या दातांची कवळी, आणि तिला अजून चिकटलेलं काहीतरी. एका लॉर्डांच्या गाडीतली घोड्याच्या केसांची भरण ओली लागली, तेव्हा इनॉकने ती नाकाशी नेली आणि मग दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. हे सगळे लोक पेपरात फोटोत उभे असायचे, कुणी रुग्णालयाची कोनशिला बसवताना, कुणी गरिबांच्या स्वच्छतेवर बोलताना. एडा, म्हणजे इनॉकची बायको, फोटो कापून ठेवायची. इनॉक तिकडे बघायचा आणि चहाचा कप खाली ठेवायचा.

या सगळ्याला गादीखात्याचा एक नियम होता, आणि तो प्रत्येक नव्या कारागिराला पहिल्याच दिवशी सांगितला जाई: फटीतलं भट्टीत. सरस तापवायच्या भट्टीत जे निघेल ते टाकायचं आणि विसरायचं. सुटे पैसे निघाले तर शनिवारी दुपारी सगळ्यांनी मिळून प्यायचे. बाहेर चकार शब्द काढायचा नाही. बायकोलासुद्धा नाही. इनॉकने हा नियम इतका पाळला होता, की एडाची समजूत होती, श्रीमंतांच्या गाड्यांत अत्तराचा वास येतो.

न बोलण्याची त्याला सवय लागली, याला दुसरंही एक कारण होतं. गादीवाले काम करताना मूठभर बारीक खिळे तोंडात धरतात. जिभेने एकेक खिळा डोक्याच्या बाजूने ओठांशी आणायचा, चुंबकाच्या हातोडीने उचलायचा, ठोकायचा. पट्टीचा गादीवाला अशा वेगाने ठोकतो की हातोडी चुंबन घेतेय असं वाटावं. तोंड भरलं की मग ते रिकामं होईपर्यंत बोलायचं नाही. खिळे थुंकले तर कापडाला डाग, गिळले तर इस्पितळ. त्यामुळे गादीखात्यात प्रश्न विचारायचा तर आधी समोरच्याचे गाल बघायची पद्धत होती.

हॅलमसाहेबांनी गाल बघितले नाहीत.

तो सोमवार होता. मंदीचे दिवस; निम्मी आवारं रिकामी. हॅलमसाहेब, म्हणजे कारखान्याचे धाकटे मालक, जिना चढून धापा टाकत वर आले आणि इनॉकच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "टिडमार्श, नशीब उघडलं बघ तुझं! सर ऑर्लँडो क्रेल आपल्या शिवणखात्यात कापड बघायला आले होते ना, त्यांना तुझी ऑलिव्ह पसंत पडली. म्हणजे, लेडी क्रेल आजारी असतात, त्यांच्या सोबतीला. पुस्तक वाचून दाखवायचं, कुत्र्याला फिरवायचं. बर्कशायरातल्या त्यांच्या बंगल्यात स्वतंत्र खोली. शनिवारी त्यांचा ड्रायव्हर न्यायला येईल. तुझी काही हरकत नाही ना?"

इनॉकच्या तोंडात खिळे होते. त्याने भुवया वर केल्या. याचा अर्थ 'थांबा जरा' असा होता. हॅलमसाहेबांनी तो 'हरकत कसली' असा घेतला.

"उत्तम! मला माहीतच होतं," असं म्हणून ते उतरलेही.

शेजारच्या बाकावरच्या पर्सी ब्लँटने आपले खिळे संपवले आणि म्हणाला, "मुलगी दिलीस की रे! हुंड्यात काय, मांसाच्या बाटल्या?"

सर ऑर्लँडो क्रेल यांचा पैसा पावाला लावायच्या वाटलेल्या मांसाचा होता. बाटलीवर हसणाऱ्या गाईचं चित्र होतं. त्यांच्याच कारखान्यात काम केलेला पर्सीचा मेहुणा ते खात नसे आणि कारण विचारलं तर विषय बदलत असे.

सोमवारी इनॉकला फारसं काही वाटलं नाही. ऑलिव्ह एकोणीस वर्षांची होती आणि शिवणखात्यात सीटवरच्या लोकरी कापडाच्या उभ्या नळ्या शिवून तिची बोटं फुटली होती. तिला बागेत कुत्रा फिरवायला मिळाला तर बापाने आडवं का यावं? घरी तिने सांगितलं तेव्हा तो "हं" म्हणाला. एडाने लगेच कात्री घेऊन जुन्या पेपरात क्रेलसाहेबांचा फोटो शोधला.

गुरुवारी क्रेलसाहेबांची जुनी गाडी वर आली. नव्या गाडीचा सांगाडा खाली सुतारखात्यात उभाच होता. जुनी विकायची होती, आणि विकण्यापूर्वी मागची सीट नवी करायची होती. इनॉकने गाडी ओळखली. चार वर्षांपूर्वी ती त्यानेच सजवली होती, आणि त्यातल्या एका कामाचा त्याला अभिमान होता. क्रेलसाहेबांनी मागच्या दोन्ही दारांना आतून मूठ नको असं सांगितलं होतं. बाईसाहेबांचा कुत्रा अवखळ आहे, मुठीवर पंजा पडला तर दार उघडेल आणि चालत्या गाडीतून पडेल, म्हणून दार फक्त बाहेरून ड्रायव्हरने उघडायचं. काचाही न उघडणाऱ्या, बसत्या हव्यात, बाईसाहेबांना वाऱ्याने सर्दी होते. तेव्हा कारखान्यात सगळे म्हणाले होते, काय माया आहे बघा मुक्या जनावरावर! मुठीची जागा रिकामी दिसू नये म्हणून इनॉकने दारावरून कापड अशा सफाईने ताणलं होतं की तिथे कधी मूठ असते हे कुणाच्या ध्यानीमनी येऊ नये. नव्या गाडीलाही तसंच दार सांगितलेलं होतं.

त्याने सीट उचलली आणि फटीत हात घातला.

आधी केसांच्या पिना निघाल्या. मोत्याच्या नव्हेत, काळ्या, पत्र्याच्या, कागदाला टोचून मिळतात त्या. मग पांढरं बटण, कांजी केलेल्या कफाचं, मोलकरणी वापरतात तसं, आणि त्याला उपटलेल्या कापडाचा तुकडा अजून शिवलेला. आणखी एक तसंच बटण, पण वेगळ्या दोऱ्याचं. म्हणजे वेगळ्या बाईचं. एप्रनची फाटलेली झालर. इनॉकने आयुष्यात ओकारी येईल अशा पुष्कळ वस्तू फटीतून काढल्या होत्या, आणि यातली एकही वस्तू तशी घाण नव्हती. बटण स्वच्छ होतं. तरी त्याने हात पुसला.

मग त्याने दाराकडे पाहिलं. मुठीच्या जागी, जिथे त्याने कापड ताणून गुळगुळीत केलं होतं तिथे, लोकर उडून खालची वीण दिसत होती. माणूस अंधारात चाचपडतो तशी कोणीतरी ती जागा पुन्हा पुन्हा चाचपली होती, आणि मग चाचपणं सोडून ओरबाडली होती. किनारीच्या शिवणीत काहीतरी टोचलं. त्याने चिमट्याने काढलं. नखाचा तुकडा होता.

इनॉकने तो बटणांशेजारी ठेवला. मग एक गोष्ट त्याला सुचली आणि त्याने सीटचं सगळं कापड खिडकीपाशी उजेडात नेलं, उलटसुलट केलं, बोट ओलं करून विणीवरून फिरवलं. लोकरी कापडात कुत्र्याचा केस एकदा रुतला की धुऊन, झाडून, शिव्या देऊनही निघत नाही. गादीवाल्यांचा तो जुना वैरी. इथे एक केस नव्हता. या गाडीत कुत्रा कधी बसलाच नव्हता.

"काय शोधतोयस?" पर्सीने विचारलं.

"कुत्रा," इनॉक म्हणाला.

"सापडला?"

"नाही."

"मग बरंय की," पर्सी म्हणाला. मग त्याने इनॉकचा चेहरा पाहिला, उठून आला, दाराकडे पाहिलं, आणि त्याला पुढे कुठलाही विनोद सुचला नाही.

इनॉक त्या वस्तू एप्रनच्या खिशात घालून खाली हॅलमसाहेबांच्या खोलीत गेला आणि टेबलावर मांडल्या. हॅलमसाहेबांनी त्यांच्याकडे, जेवणाच्या पानात झुरळ निघाल्यावर पाहुणा पाहतो तसं, म्हणजे न पाहिल्यासारखं पाहिलं.

"हे काय?"

"क्रेलसाहेबांच्या सीटमधलं. साहेब, पोरीला पाठवायची नाही मी."

"टिडमार्श, आपल्याकडे नियम काय आहे?"

"फटीतलं भट्टीत. पण—"

"मग? बटणं तुटतात, बाबा. माझीही तुटतात." हॅलमसाहेब खिडकीकडे वळले. "क्रेलसाहेबांच्या ओळखीतले आणखी दोघं जण आपल्याकडे गाड्या टाकणार आहेत. खाली किती बाकं रिकामी आहेत बघितलीस? कापड सांभाळणाऱ्या माणसाने मन इतकं घाणेरडं ठेवू नये. आणि तू तर सोमवारी हो म्हणालास."

"तोंडात खिळे होते माझ्या."

"ते मला कसं कळणार?" हॅलमसाहेब म्हणाले. हे अगदी खरं होतं, आणि म्हणूनच इनॉकला त्यांची अधिक शिसारी आली.

संध्याकाळी घरी सुक्या मासळीचा वास होता आणि पलंगावर ऑलिव्हची उघडी पेटी होती. एडा तिच्या परकराला टीप मारत होती. इनॉक खुर्चीत बसला आणि म्हणाला, "ऑलिव्ह, तिकडे जायचं नाही."

दोघींनी वर पाहिलं.

"का?" ऑलिव्ह म्हणाली.

"घर चांगलं नाही ते."

"तुम्ही कधी पाहिलंत?"

"गाडी पाहिली."

"गाडीला काय झालं?"

इनॉकने तोंड उघडलं. बापाने मुलीसमोर उच्चारावे असे शब्द त्याच्याकडे नव्हते. जे होते ते पर्सीचे होते. "सीट," तो म्हणाला. "सीट चांगली नाही."

"ऐकलंस आई? सीट चांगली नाही म्हणून मी जन्मभर त्या मशीनवर बसू!"

"इनॉक, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" एडा म्हणाली. "सर आहेत ते, सर! आपल्या गल्लीत कुणाची पोर गेलीय का अशा घरी? शेजारच्या बाईला मी सांगूनसुद्धा बसले."

"आणि सोमवारी हॅलमसाहेबांना हो म्हणालात ते?" ऑलिव्हचा आवाज चढला.

"तोंडात खिळे होते."

"तुमच्या तोंडात कायमच खिळे असतात, बाबा." तिने पेटीचं झाकण आपटलं. "सगळं आयुष्य. आता मला जरा कुठे बाग दिसतेय, कुत्रा आहे तिथे, तर—"

"कुत्रा नाही," इनॉक म्हणाला.

"काय?"

"कुत्रा नाहीये."

ऑलिव्ह त्याच्याकडे बघत राहिली आणि मग हसली, माणूस म्हातारा होत चालल्यावर मुलं हसतात तशी, आणि परकर घडी करायला लागली. मासळी गार झाली. इनॉकला ती तशीही जाणार नव्हती.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तो शिवणखात्याच्या दाराशी उभा राहिला. बाया डबे उघडून बसल्या होत्या. त्या खात्याच्या मुख्य गॅडबाई म्हणाल्या, "काय टिडमार्श, लेकीला निरोप द्यायला? रडू नका हं इथे, कापड भिजतं."

"ऑलिव्ह, वर ये," तो म्हणाला.

"जेवतेय मी."

"ये."

ती पावाचा तुकडा हातात घेऊनच फणकाऱ्याने वर आली. क्रेलसाहेबांची गाडी खिडकीशी उभी होती. इनॉकने उसवलेली सीट सकाळी परत तात्पुरती बसवून ठेवली होती. त्याने बाहेरून मागचं दार उघडलं.

"बस."

"काय खूळ आहे हे?"

"बस फक्त."

ती बसली. त्याने दार लावलं. दार फार सुंदर लागायचं त्या गाडीचं, नुसता एक मऊ श्वास सोडल्यासारखं. सुतारांची ती खासियत होती. इनॉक बाजूला झाला आणि पाठ करून उभा राहिला, कारण तिकडे बघणं त्याला जमणार नव्हतं.

आधी काही आवाज आला नाही. मग तिचं बोलणं ऐकू आलं, पण कापडाने आणि जाड काचेने ते गिळलं, शब्द कळेना. मग सीटची करकर, दुसऱ्या दारापर्यंत जाऊन परत आलेली. मग कापडावर हात फिरल्याची खसखस. ती मुठीची जागा शोधत होती, आणि मग ती थांबली. हात कुठल्या जागी थांबला ते त्याला न बघता कळलं. त्यानंतर जे झालं ते ठोकणं होतं, काचेवर, दोन्ही हातांनी.

त्याने वळून दार उघडलं. ऑलिव्ह बाहेर आली. पावाचा तुकडा आत पडला होता. तिने आपल्या बोटांकडे पाहिलं, मग दाराच्या त्या ओरबाडलेल्या जागेकडे, मग बापाकडे.

"हे दार कुणी केलं?"

"सुतारखात्याने."

"वरचं कापड?"

"मी."

तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते इनॉकने बाकीच्या जगाकडे पाहताना आयुष्यभर स्वतःच्या चेहऱ्यावर बाळगलं होतं. आपल्यावर रोखलेलं तो पहिल्यांदाच पाहत होता.

मग ती म्हणाली, "मी नाही गेले तर ते दुसरीला विचारतील."

"ठरलंय ते," इनॉक म्हणाला. "पर्सीने ऐकलं. हॅलमसाहेबांनी सकाळी डेझी पॉटरचं नाव घेतलं. तू कां-कूं केलीस तर ती."

"डेझी? सोळाची आहे ती!" ऑलिव्ह जिना उतरून गेली.

ती परत आली तेव्हा डेझी पॉटर बरोबर होती, आणि मागून, काय गंमत आहे ते बघायला, आणखी दोघी-तिघी. ऑलिव्हने समजावून काहीच सांगितलं नाही. दार उघडून म्हणाली, "बस आत. भिऊ नको, मी इथेच आहे." डेझी खिदळत बसली. दार लागलं. खिदळणं काचेआड दिसत राहिलं, मग दिसेनासं झालं. ऑलिव्हने लगेच उघडलं. डेझी उतरली आणि शेजारणीच्या दंडाला धरून उभी राहिली. मग ती शेजारीण बसली. मग तिसरी. खाली बातमी गेली आणि जिन्यावर रांग लागली. डबे अर्धे टाकून बाया येत होत्या. कुणी आतून शिव्या दिल्या त्या काचेने गिळल्या. कुणी उतरल्यावर रडली, कुणी उतरल्यावर दारावर थुंकली, आणि इनॉकने ते पुसलं नाही. पत्रेवाले हातोड्या ठेवून जिन्याखाली जमले. सुतारांमधला जुना माणूस, ज्याने ते दार जोडलं होतं, तो वर आला, बायांकडे पाहिलं, आणि टोपी काढून मागेच उभा राहिला.

शेवटी गॅडबाई बसल्या. साठीच्या, जाडजूड, कंबर धरून. त्या आत सगळ्यात जास्त वेळ होत्या, कारण ऑलिव्हने दार उघडायला हात घातला तर त्यांनी आतून बोटाने 'थांब' केलं. उतरल्या तेव्हा चेहरा पांढरा होता. "तरुणपणी एका घरी होते मी कामाला," एवढंच त्या म्हणाल्या. "तिथे गाडी नव्हती. कोळशाची खोली होती."

तेवढ्यात हॅलमसाहेब आले. "काय चाललंय? सुट्टी संपून गेली! गिऱ्हाइकाच्या गाडीला हात कुणी लावायला सांगितला? कापड मळेल!"

कुणी हललं नाही. गॅडबाई दार धरून उभ्या होत्या.

"या की साहेब," त्या म्हणाल्या. "बसून बघा. दार मी लावते."

"मूर्खपणा बंद करा."

"एक मिनिट फक्त. मऊ सीट आहे. टिडमार्शच्या हातची."

"मी त्यात बसणार नाही," हॅलमसाहेब म्हणाले. एकदम मोठ्याने.

आत बसलं की काय होतं हे त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं. हे बायांच्या ध्यानात आलं, मग पत्रेवाल्यांच्या, आणि सगळ्यात शेवटी, चेहऱ्यावरून दिसलं त्याप्रमाणे, हॅलमसाहेबांच्या स्वतःच्या.

शनिवारी क्रेलसाहेबांचा ड्रायव्हर आला आणि एकटाच परत गेला. सोमवारी सुतारखात्यातून नव्या गाडीची मागची दोन्ही दारं वर आली, तर दोन्हींना आतून मुठीचं भोक पाडलेलं. कुणी पाडलं ते विचारूनही कळलं नाही. सुतारखात्यात त्या दिवशी सगळ्यांनाच कमी ऐकू येत होतं. आठवड्याच्या आत क्रेलसाहेबांनी चासी उचलून दुसऱ्या कारखान्यात नेली. हॅलमसाहेबांनी इनॉकला काढलं, आणि पुन्हा कटकट नको म्हणून ऑलिव्हलाही. एडा बरेच दिवस त्याच्याशी बोलली नाही. मग ऑलिव्हने तिला काहीतरी सांगितलं, आणि फोटोंचं पुडकं चुलीत गेलं.

पुढे इनॉक चिझिकला बसगाड्यांची बाकं भरायच्या कामाला लागला. ते काम ओबडधोबड होतं आणि त्याला त्याचा अजिबात अभिमान नव्हता, हेच त्याला बरं वाटायचं. क्रेलसाहेबांची नवी गाडी त्याने दोन वर्षांनी हॅमरस्मिथच्या चौकात पाहिली; हिरवी, लांबलचक, पडदे ओढलेली. मागचं दार आतून कसं आहे ते बाहेरून कळणं शक्य नव्हतं. कुणीतरी गादीवाल्याने ते केलं असणार. कापड नीट ताणलं असणार, किनार सरळ घेतली असणार, शिवण कुठे दिसू दिली नसणार. काम सफाईदार झालं असणार, याबद्दल इनॉकला तिळमात्र शंका नव्हती. तो फुटपाथवरून बाजूला झाला आणि गटारात थुंकला.